झडप बंद असताना

"ऐकलंस? मैथिली हसली!" कानांवरचे हेडफोन घट्ट दाबत दत्ताराम म्हणाले.

हेमलतेने नवऱ्याकडे वळून पाहिलं. त्यांची लेक ज्या यानातून सूर्यमालेबाहेर निघाली होती, ते कधीच परतणार नव्हतं. तिचा आवाज लेसरच्या प्रकाशातून यायचा आणि तो प्रकाश वर्षागणिक क्षीण होत चालला होता. तो टिपणाऱ्या रिसीव्हरसाठी हेमलता दर वेळी आधीपेक्षा सरस अ‍ॅम्प्लिफायर घडवायची. आज नवा बसवला होता. चाचणीसाठी तिने दुर्बिणीची झडप बंदच ठेवली होती. आत प्रकाशाचा कणही जात नव्हता. दत्तारामांना ऐकू येत होती ती अ‍ॅम्प्लिफायरची स्वतःची खरखर.

तिने झडप उघडली. खरखर तसूभरही बदलली नाही. यानाकडून येणारा प्रकाश त्या खरखरीत पुरता बुडाला होता. आणि याहून कमी खरखरीचा अ‍ॅम्प्लिफायर निसर्गाच्या नियमांतच बसत नव्हता.

"अहो," तिने त्यांचे हेडफोन हळूच उतरवले, "ती मैथिली नव्हती. तिचा आवाज आता आपल्यापर्यंत नाही पोचणार."

दत्तारामांनी तिच्या हातातले हेडफोन परत घेऊन मांडीवर ठेवले. मग म्हणाले, "पण आपलं बोलणं तिला ऐकू जात असेल ना गं?"

यानावरचा रिसीव्हरही हेमलतेनेच केला होता. तो याच्यापेक्षा कितीतरी लहान होता. तो केव्हाच बहिरा झाला असणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"जात असेल," ती म्हणाली आणि तिने माइक त्यांच्यापुढे सरकवला. "बोला."

दत्तारामांनी घसा खाकरला. "मैथिले, बाळा, जेवलीस का?"