घाण्यावरची नोंद

मधुसूदनरावांनी नळीतून तापमापक काढला, रुमालाने पुसला आणि रांगेतल्या बायकांना दिसेल असा उंच धरला.

“तेलाला ताप आलाय का काय, साहेब?” डबा घेऊन उभ्या असलेल्या सारजाबाईंनी विचारले.

रांग हसली. दमयंतीबाईही हसल्या. मधुसूदनरावांना त्या सगळ्यांत आपल्या पत्नीचे हसणे वेगळे ऐकू आले.

“घाण्यातून निघणारे तेल पंचेचाळीस अंशांच्या आत असले पाहिजे,” ते म्हणाले. “त्यापुढे गेले, तर त्यातले चांगले ते नष्ट होते. मग लाकडी घाण्याचे तेल आणि बाजारातले तेल, दोन्ही सारखीच.”

जालना रस्त्यावर, करमाडच्या अलीकडे सांडूचे पत्र्याचे शेड होते. मार्च महिना. रस्त्यापलीकडे, अर्धवट बांधलेल्या इमारतींच्या पायथ्याशी टँकरपुढे एक रांग होती आणि अलीकडे सांडूच्या घाण्यापुढे दुसरी. त्या साली पुरेसा पाऊस नव्हता. जमिनीच्या ओलीवर आलेली करडई तेवढी लोकांच्या हाती लागली होती.

“मोजा, साहेब,” सांडू म्हणाला. “पंचेचाळीसच्या वर गेलं तर घाणा आत्ताच बंद करतो. लोकायच्या पोटाचा सवाल हाय.”

घरी स्वयंपाकघराच्या भिंतीवर मधुसूदनरावांनी आखलेला तक्ता होता. करडई, शेंगदाणा, जवस, सूर्यफूल. कोणते तेल फोडणीला, कोणते तळणीला, कोणते कच्चे, माणशी दिवसाला किती चमचे. बत्तीस वर्षे दमयंतीबाईंनी तेलाचा एकही डबा त्यांना विचारल्याशिवाय घरात आणला नव्हता. गेले दोन महिने मात्र जेवताना वेगळेच वाक्य कानी पडत होते: “सांडूभाऊ म्हणतात.” सांडूभाऊ म्हणतात, कच्चे तेल चटणीवर घ्या. सांडूभाऊ म्हणतात, तेलाला वास असलाच पाहिजे. काल एका जेवणात ते वाक्य चार वेळा आले होते. मधुसूदनरावांनी मोजले होते.

सांडूने किटलीतला कढत चहा ग्लासात ओतून दमयंतीबाईंपुढे धरला. “घ्या, ताई.”

त्यांनी हात लावला आणि चटकन मागे घेतला. गरम काही त्यांना धरवत नसे. मग पदराची चौपदरी घडी करून त्यांनी ग्लास डाव्या हातात घेतला आणि म्हणाल्या, “सांडूभाऊ, यांचं मनावर घेऊ नका हं. यांना सगळं मोजायची सवयच आहे.”

मधुसूदनरावांनी तापमापक घाण्याखालच्या पातेल्यातल्या तेलात बुडवला. पारा चढला आणि थांबला. एक्केचाळीस.

“किती हाय, साहेब? मला ते बारीक आकडे दिसत नायत. तुमी म्हणाल ते कबूल.”

मधुसूदनरावांनी तापमापक बाहेर काढून पुसला आणि नळीत घातला. आधी नोंद, मग साधन पुसणे, हा क्रम त्यांनी आयुष्यभर पाळला होता. आज प्रथमच तो उलटा झाला. मग त्यांनी खिशातली वही उघडली.

“बासष्ट,” ते म्हणाले, आणि तेच लिहिले.

“बासष्ट म्हंजे लई का?” सारजाबाईंनी शेजारणीला विचारले. मागच्या दोघीजणी डबे उचलून रस्त्याकडे वळल्या.

सांडूने बटण दाबले. घाण्यातला दाणे चिरडणारा लाकडी दांडा, ती लाट, आणखी अर्धा फेरा फिरून उभी राहिली. तो पातेल्याशी उकिडवा बसला आणि त्याने सबंध पंजा तेलात घातला. बराच वेळ तो तसाच बसून होता. मग त्याने मान वर करून मधुसूदनरावांकडे पाहिले.

“असंल, साहेब,” तो सावकाश म्हणाला. “तुमी शिकलेली माणसं. माझे हात कामानं निबर झालेत. त्यायला काय कळतंय?”

“बघू,” दमयंतीबाई म्हणाल्या.

“अगं, पोळेल,” मधुसूदनराव म्हणाले.

त्या खाली वाकल्या आणि उजव्या हाताची दोन बोटे त्यांनी तेलात बुडवली. निघालेल्या बायका थांबल्या. दमयंतीबाई तेलाकडे पाहत नव्हत्या. त्या नवऱ्याकडे पाहत होत्या.

मधुसूदनरावांनी सवयीने मनातल्या मनात सेकंद मोजायला सुरुवात केली. दहा झाले. वीस झाले. तीस झाले.

डाव्या हातातला ग्लास अजून पदराच्या घडीत होता. बोटे तेलातच होती.