पहिल्या पुलापर्यंत
सुताराने टेबलावर घळीचा नकाशा पसरला होता. वरच्या तोंडातून शिरायचं, सातही पूल ओलांडून संध्याकाळी खाली उतरायचं, हा नवराबायकोचा दरवर्षीचा बेत. यंदा तिच्या गुडघ्याने दगा दिला. "अरुंद वाट, त्यात गर्दी. माझ्यामागे सगळे खोळंबतील. तुम्ही एकटेच जा," म्हणत तिने एकाचाच डबा भरला. तो ठेवायला सॅक उघडली, तर आत घडीचं स्टूल, कोऱ्या लाकडाचा वास येणारं. तिने बसून पाहिलं. गुडघा जराही कुरकुरला नाही. परवा तो मोजपट्टी घेऊन तिच्या पायांशी का घुटमळत होता, ते आत्ता उमगलं. "लोक जातील पुढे," तो नकाशात डोकं खुपसूनच म्हणाला, "आपण पहिल्या पुलापर्यंत. दमलीस की बस." "आणि तुम्ही काय उभे राहून माझं तोंड बघणार?" ती फणकारली. "मग इतकी वर्षं काय घळ बघत होतो?"