मूठभर कणीक

“खरं सांगा, कुठे खाऊन येता?” इरावतीने रिपोर्ट टेबलावर टाकला. गव्हाच्या कणानेही आतडी बिघडवणारा आजार निघाला म्हणून अनीशचा गहू सुटला सत्त्याण्णव साली, त्याला सहा वर्षं झाली, आणि रक्तातले आकडे अजून चढलेलेच. इंदूरच्या डॉक्टरांनीही आज चष्म्यावरून बघत हेच विचारलं होतं, “भाईसाहब, बाहर कुछ खा लेते हो क्या?”

अनीश बाहेर कशाला तोंड लावत नव्हता. देवासच्या कारखान्यात दोस्तमंडळी तुपात बुडवलेल्या गव्हाच्या बाफल्यांवर ताव मारायची, तेव्हा हा बापडा कोपऱ्यात डबा उघडून ज्वारीची भाकरी चावत बसायचा. धारला सख्ख्या बहिणीच्या लग्नात त्याने पुरणपोळीकडे पाहिलंसुद्धा नाही. तरी पोट बिघडलेलंच, हाडं ठिसूळ झालेली. गेल्या वर्षी साधी पायरी चुकली तर मनगट मोडलं. ते सगळं त्याने सोसलं, पण बायकोसमोर चोर ठरणं त्याला सोसवत नव्हतं.

घरात त्याची बाजू घेणारं माणूस एकच, त्याची आई.

“अनू खोटं बोलायचा नाही,” माई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “त्याच्या भाकऱ्या मी थापते, मला ठाऊक आहे. त्याच्यामागे लागण्यापेक्षा तू इकडे ये आणि शीक. माझे हात आता चालत नाहीत.”

इरावतीची शाळा सकाळी सातची, त्यामुळे भाकऱ्यांचं खातं पहिल्यापासून माईंकडेच होतं. ती परातीशी जाऊन बसली. अनीश दाराशी उभा राहिला.

माईंनी ज्वारीचं पीठ घेतलं, गरम पाणी घातलं. मग शेजारचा डबा उघडून मूठभर कणीक त्यात टाकली.

“माई, ही गव्हाची आहे,” इरावती म्हणाली.

“हो, मग? नुसती ज्वारी तुटते गं. चार लोकांत बसून त्याने डब्यातून तुकडे काढायचे का?”

“रोज घालता?”

“पहिल्या दिवसापासून. पोळी वर्ज्य आहे ना त्याला, पोळी मी कधी वाढली नाही हो.”

इरावतीने मान वर करून अनीशकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. अनीशच्या अंगाची लाही लाही झाली. सहा वर्षं! तो बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्याची नजर माईंच्या हातांकडे गेली. थरथरत्या बोटांनी त्या भाकरी थापत होत्या, कडा वाकडी गेली की पुन्हा पुन्हा नीट करत होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई. आता हे ऐकलं तर उरलेले दिवस ती स्वतःला खात बसेल.

माईंनी भाकरी भाजून ताटात घातली, वर तूप सोडलं. “ये रे, गरम आहे तोवर बस.”

इरावतीने ताट मागे ओढलं. अनीशने तिच्या हातावर हात ठेवला.

“राहू दे,” तो हळूच म्हणाला. “उद्यापासून तू कर.”

तो पाटावर बसला. तुकडा मोडला, वरणात बुडवला, खाल्ला. इरावतीने तोंड फिरवलं.

“कशी झालीय?” माईंनी विचारलं.

“मऊ.”

“आणखी एक टाकू?”

“टाक,” अनीश म्हणाला.