बरा झालेला माणूस

"होडी तूच इकलीस, दगडू. त्या उधाणात," थोरला भाऊ महिपत म्हणाला. "आठवत न्हाय तुला?"

दगडूच्या त्या दिवसांना घरात उधाण म्हणत. मुंबईच्या इस्पितळातून भाईंदरला परतल्यापासून तो होडीबद्दल विचारत होता आणि जो तो विषय बदलत होता.

आपण काय काय केलं ते दगडूला आठवत होतं. झोप उडाली होती. खाडीवर पूल बांधणार म्हणून गावभर सांगत सुटला होता. चांगली जाळी लोकांना वाटून टाकली होती. बायकोवर, लक्ष्मीवर, भर बाजारात हात उचलला होता. मग सगळा पावसाळा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. भगतानं मिरच्यांची धुरी दिली, तरी उठला नाही. शेवटी लक्ष्मीनंच त्याला इस्पितळात नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "ही भूतबाधा नाही. कधी मन फार चढतं, कधी पार बुडतं, असा हा आजार आहे. गोळी रोज घ्यायची. रक्त तपासून घ्यायचं. बरं वाटलं म्हणून सोडायची नाही."

गोळीनं हात जरा थरथरत. पण झोप लागत होती, जेवण गोड लागत होतं, आणि डोकं स्वच्छ चालत होतं. इस्पितळात जायला निघाला त्या सकाळी होडी धक्क्याला बांधलेली होती. लक्ष्मी त्याला दंडाला धरून होडीच्या कडेनंच घेऊन गेली होती.

"दादूस, मी गेलो तवा होडी धक्क्याला होती," तो सावकाश म्हणाला. "तू इकलीस. माझ्या पाठी."

त्याचा आवाज जराही चढला नव्हता. तरी महिपतच्या बायकोनं पोरांना आत ओढलं. शेजारी दारात येऊन उभे राहिले. महिपतनं दगडूकडे पाहिलंच नाही. तो लक्ष्मीला म्हणाला, "याला गोळी दिलीस का?"

दगडूनं तिच्याकडे पाहिलं. होडी तिनंही पाहिली होती. ती एक शब्द बोलली असती तरी पुरे होतं.

"दिली ना, भावजी. सकाली माझ्या हातानं दिली."

दगडूला धीर आला.

लक्ष्मीनं पदर सावरला आणि महिपतला हळूच विचारलं, "अजून एक देऊ?"