प्रभावित मतदारांची संख्या

पहिल्यांदा ‘निरंक’ पाठवलं ते परत आलं. दुसऱ्यांदा पाठवलं तर वर ताशेरा आला : ‘शोध न घेता माहिती निरंक दर्शविल्याचे दिसून येते.’ तिसऱ्यांदा निरंक गेलं असतं तर मागोमाग भागवतला कारणे दाखवा नोटीस आली असती. म्हणून निवडणूक शाखेच्या या कारकुनाने कोतवालाला तांड्यावर धाडलं आणि निर्मलाबाईला कचेरीत बोलावून घेतलं.

तक्ता थेट दिल्लीहून निघालेला. परदेशात बसून इथल्या मतदारांवर प्रभाव टाकणारी माणसं कळवा, आजच्या आज. सगळ्या तालुक्याचे व्हॉट्सॲप ग्रुप चाळून भागवतला परदेशी नंबर सापडला तो एकच. मस्कतचा. निर्मलाबाईच्या मुलाचा, प्रेमदासचा.

बाई ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. सरकार आपण होऊन बोलावतं म्हणजे पोराचं काही चांगलंच निघालं असणार, असा तिचा अंदाज.

“मावशी, प्रेमदास तिकडं काय करतो?”

“क्रेन चालवतो. तीन वर्सं झाली. आता येनार हाय बहिणीच्या लग्नाला. नीताचं लगीन हाय ना, अठराला. तुमी बी या साहेब.”

“गावच्या ग्रुपवर बोलतो?”

“बोलतो म्हंजे? त्याला इचारल्याबिगर तांड्यावर पान हालत न्हाई.”

भागवतने पेन उघडलं. “मतदानाचं बी तोच सांगतो?”

“तोच. यंदा लोकसभेला तर तांड्याच्या नाईकानं बी त्याचं आयकलं.” बाई खुर्चीत सावरून बसली. “मतदानाच्या दिवशी सकाळीच मोबाइलवर ते बातम्यांवालं आलं. टाय लावलेला मानूस सांगे, आजचं मतदान रद्द, आता परवा. आमी म्हणलं बरं झालं, हळद शिजवायची होती. कढई बी चढवली. तेवढ्यात याचा फोन. मोठ्या आवाजात लावला, समदे बसले भवताली. म्हणे, ते झूट हाय, मी तपासलं, कढई उतरवा अन् आधी मत टाकून या. नाईकानं गाड्या जुंपल्यासारखा तांडा हाकला. दोनशे चौदा मतं पडली साहेब, दोनशे चौदा.”

भागवतने विचारलेल्यापेक्षा जास्तच मिळालं होतं. पाचव्या रकान्यात, ‘प्रभावित मतदारांची संख्या’ खाली, त्याने २१४ लिहिलं. एवढा पक्का आकडा त्याच्या सगळ्या नोकरीत कोणत्याच तक्त्याला मिळाला नव्हता.

“इथं सही करा.”

निर्मलाबाईने साक्षरतेच्या वर्गात शिकलेली सही केली. घाई केली नाही. ‘बा’चा काना जरा लांबला.

शेजारच्या टेबलावर संगणकात तक्ता भरणारी पूनम बोटं थांबवून बसली होती. “सर, हा तर उलट आपलंच काम करून राहिला.”

“तसा रकाना नाही.”

“मग तो टायवाला? तो कोणी धाडला ते लिहू ना.”

“आपल्याच तालुक्यातल्या गोरेगावच्या एका दुकानदाराच्या फोनवरून आला. नंबर देशातला आहे.”

“त्याला कुठून आला?”

“त्यालाही रकाना नाही,” भागवत म्हणाला. “पूनम, मला काय हौस आहे का? पाचच्या आत ई-मेल गेला नाही तर साहेब माझंच नाव टाकतील त्यात.”

निर्मलाबाई एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. “साहेब, हे कशाचं लिवून राहिले?”

भागवतने सांगितलं. सावकाश, शक्य तितक्या सौम्य शब्दांत सांगितलं. तरी त्यात ‘दिल्ली’, ‘चौकशी’ आणि ‘विमानतळ’ आलेच.

“थांबवतील त्याला?”

“विचारपूस करतील. थोडा वेळ.”

“थोडा म्हंजे किती? लगीन अठराला हाय. अन् वापस जाऊ देतील का न्हाई?”

“ते आम्हाला कळवत नाहीत मावशी.”

बाई उठून टेबलापाशी आली. तिने बोट कागदावर, आपल्या सहीवर ठेवलं. “मग असं लिवा, आमी त्याचं आयकलंच न्हाई. आपल्या मनानं गेलो. न्हाईतर कोणीच गेलो न्हाई म्हणा.”

“दोनशे चौदा मतं मशीनमध्ये आहेत. आणि जबाब झाला तुमचा.”

“वाचून कुठं दावला?”

भागवतने घड्याळाकडे पाहिलं. चार पन्नास. वाचून दाखवायचं खरंच राहिलं होतं. त्याने कागद ओढून घेतला, बाईचं बोट घसरून टेबलावर आलं, आणि मग तो तिला जबाब खणखणीत आवाजात, एकही शब्द न गाळता वाचून दाखवू लागला. सगळं तिचंच बोलणं होतं. खोटं काही नव्हतं.

परतीच्या जीपमध्ये तांड्यावरच्या रूपाबाईने तिच्यासाठी जागा धरली होती. जीप हलली तशी तिने मोबाइल पुढे केला. त्यात टाय लावलेली एक बाई हसून सांगत होती : यापुढे बायांनी मतदानाला जायची गरज नाही, मोबाइलवर आलेला आकडा सांगितला की घरबसल्या मत पडतं.

“मला आत्ताच आला बघ आकडा,” रूपाबाई म्हणाली. “खरं असन का गं हे? प्रेमदासला लाव बरं फोन.”

निर्मलाबाईने आपला फोन पिशवीत खाली, अगदी तळाशी सरकवला.

“त्याला काहून तकलीफ?” ती म्हणाली. “खरंच असन.”