मानेमागचा आरसा

"पोस्टमास्तर, केस कुठं कापलेत?"

निवृत्त पोस्टमास्तर केस कापायला आलेच नव्हते. बाकावर बसून फुकटचं वर्तमानपत्र चाळत होते. त्यांनी सावकाश पान उलटलं.

"घरीच."

"घरी कोण कापतं?"

"कापतं कुणीतरी."

सलूनचा मालक शेठ त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला. मान पाहून कापणाऱ्याचा हात ओळखणं, ही त्याची तीस वर्षांची विद्या होती. ही मान काही येरागबाळ्याचं काम नव्हतं. वस्तरा लावलाच नव्हता. कात्रीनंच केस असे उतरवत आणले होते, की कुठं संपले ते सांगता येऊ नये. एकच गोष्ट त्याला उमगेना. उजव्या कानामागे बोटाच्या पेराएवढे केस जरा लांब ठेवलेले होते. नजरचुकीनं राहिलेले नव्हते, मुद्दाम ठेवलेले.

महिन्याभरातली ही अकरावी मान. सगळी जुनी गिऱ्हाइकं, आणि सगळ्यांचं उत्तर एकच. घरीच.

शेठनं एका खुर्चीची दोन दुकानं केली ती एका नियमावर. केस झाले की मानेमागे आरसा धरायचा. गिऱ्हाइकानं पसंतीची मान हलवल्याशिवाय अंगावरचं कापड काढायचं नाही, मग तो कितीही घाईत असो. "माणसाला स्वतःची मान दिसत नाही, म्हणून तर आपली चूल पेटते," असं तो नव्या कारागिराला पहिल्याच दिवशी ऐकवायचा.

आता तिसरं दुकान तयार होतं. आरसे लागले होते, खुर्च्या आल्या होत्या. पाटी तेवढी रंगवायची होती आणि पहिल्या खुर्चीला कारागीर नव्हता. होतं नव्हतं ते सगळं त्यानं या दुकानात ओतलं होतं. पहिल्या खुर्चीवर खरा हात बसला नाही, तर तिसरं दुकान जाताना आधीची दोनही घेऊन जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. रात्री झोप लागत नव्हती.

सुट्टीच्या दिवशी सकाळी तो घरच्या गॅलरीत स्टुलावर बसला. गळ्याभोवती टॉवेल, मागे बायको. आपल्याच कारागिरांपुढे डोकं द्यायला त्याला कमीपणा वाटे, त्यामुळे लग्नापासून हे काम घरातच उरकत असे.

"डावऱ्याच असणार," तो म्हणाला. डावऱ्या त्याचा जुना कारागीर, दोन वर्षांपूर्वी भांडून गेलेला. "ओळखू येऊ नये म्हणून हात बदललाय, आणि घरोघर फिरून माझी गिऱ्हाइकं पळवतोय मेला."

"हलू नका. खोकेशी आलेय."

लहानपणी पायरीवर आपटून त्याच्या कानामागे खोक पडली होती. तिथं जरा काही लागलं की तो घर डोक्यावर घेई.

"परवा एक बाई आली होती म्हणे, खुर्ची मागायला," बायको म्हणाली.

"आली होती. दारातूनच परत पाठवली. बाईच्या हातात मान कोण देणार?"

"खरंय. खाली बघा जरा."

त्यानं मान खाली घातली.

"आणि हा जो कोण आहे, त्याचा हात कसा आहे?" तिनं विचारलं.

शेठला हे कबूल करणं जिवावर आलं होतं. "खोटं कशाला बोलू? माझ्यापेक्षा चांगला आहे. सापडला ना, तर भांडणार नाही मी. पहिली खुर्ची त्याची. पाटीवर नावसुद्धा त्याचंच."

"कुणीही असलं तरी?"

"कुणीही. शब्द आहे माझा."

"बरं," ती म्हणाली आणि टॉवेल झटकायला निघून गेली. तिला दुपारच्या शिवणवर्गाची तयारी करायची होती. वर्गाला जायला लागून दोन वर्षं झाली, तरी घरात साधी पिशवीसुद्धा शिवून आली नव्हती. शेठ दुकानात त्यावर विनोद करत असे.

दुसऱ्या दिवशी त्यानं डावऱ्याला हुडकून काढलं. तो एका रंगाच्या दुकानात पाठमोरा उभा राहून फळीवर डबे रचत होता. शेठ हाक मारणार, इतक्यात त्याचं लक्ष डावऱ्याच्या मानेकडे गेलं. वस्तरा नाही. कानामागे पेरभर केस.

"म्हणजे तू नाहीस," शेठच्या तोंडून निघालं.

डावऱ्या वळला. "स्वतःची मान स्वतः कशी कापणार, शेठ? आणि कात्री सोडून मला दोन वर्षं झाली."

"मग कोण?"

"सांगायचं नाही असं ठरलंय आमचं सगळ्यांचं."

"अरे, मी भांडायला आलो नाही. खुर्ची द्यायला आलोय! पाटीवर नाव लावतो म्हणालोय, घरी विचार!"

डावऱ्यानं हातातला डबा खाली ठेवला. बराच वेळ त्यानं शेठकडे पाहिलं, आणि मग त्याला हसू आवरेना.

"शेठ, एवढ्या लोकांच्या मानेमागे तुम्ही आरसा धरलात. तुमच्या मानेमागे कधी कुणी धरला?"

"माझ्या? माझ्या कशाला कोण धरेल?"

"मग आज तुम्हीच धरा," डावऱ्या म्हणाला आणि पुन्हा डब्यांकडे वळला.

शेठ चरफडत दुकानात परतला. कारागीर मागच्या खोलीत जेवत होते. पुढं कुणी नव्हतं. तो पहिल्या खुर्चीत बसला, खुंटीवरचा हातआरसा काढला आणि मानेमागे धरून समोर पाहिलं. आधी नुसती भिंत दिसली. मग त्यानं आरसा जरा तिरका केला.

केस कात्रीनं उतरवत आणले होते, कुठं संपले ते सांगता येत नव्हतं. उजव्या कानामागे मात्र बोटाच्या पेराएवढे लांब ठेवले होते, खोक झाकण्यापुरते.