यतीनमामा

"यतीनमामा, तुम्ही आणि मावशी लग्न का करत नाही?" मैत्रिणींनी डेअर दिलं होतं, म्हणून मी विचारूनच टाकलं.

ते हसले. "पुण्याच्या कोर्टात माझा घटस्फोट अडकलाय गं. म्हणून तर अनमॅरिड पार्टनरचा व्हिसा मागतोय." नागपूरच्या आजीला संशय यायला नको, म्हणून त्यांना मामा म्हणायला मला आईबाबांनीच शिकवलं होतं.

हाफ टर्मच्या सुट्टीत मी मावशीच्या लंडनजवळच्या स्लाऊमधल्या फ्लॅटवर होते, तेव्हा व्हिसाच्या चौकशीला एक बाई आल्या. ते दोघं किचनमध्ये चहा करत होते.

"तू यतीनना काय म्हणतेस?" बाईंनी मला विचारलं.

"मामा."

"म्हणजे अंकल?"

"नुसतं अंकल नाही," मी ऐटीत सांगितलं. "मराठीत प्रत्येक नात्याला वेगळा शब्द असतो. मामा म्हणजे आईचा सख्खा भाऊ."

बाईंनी ते नीट लिहून घेतलं.

व्हिसा नाकारला. काल हीथ्रोवर मावशी त्यांचा हात सोडतच नव्हती.

 

घरी आल्यावर मी आईबाबांना सांगितलं, "आजपासून मी त्यांना काका म्हणणार. आजीला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा."